अवांतर, पण महत्त्वाचं

मॅनेजमेंटची जर्नल्स हा काही शनिवारी सकाळी चहाबरोबर वाचायचा प्रकार नव्हे, हे मला मान्य आहे. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसानं तर त्यांच्या वाटेलाच जाऊ नये, असं बऱ्याच जणांचं मत पडेल. पण गेली काही वर्षं मी ती अधूनमधून वाचतो आणि आता माझं एक मत पक्कं झालं आहे: या जर्नल्समध्ये ज्या लिखाणाला सगळ्यात कमी प्रतिष्ठा असते, तेच बऱ्याचदा सगळ्यात जास्त कामाचं असतं. ते नेमकं कोणतं लिखाण, आणि त्याचा तुमच्या-माझ्या अप्रेझलशी काय संबंध, हे आज जरा सविस्तर सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. या विषयातली मोठी जर्नल्स बहुतेक अमेरिकेतली. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सायन्स क्वार्टर्ली' १९५६ पासून निघतं, 'ॲकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल' १९५८ पासून, आणि त्याचं भावंड 'ॲकॅडमी ऑफ मॅनेजमेंट रिव्ह्यू' १९७६ पासून. यात छापून येणाऱ्या शोधनिबंधाचा एक साचा ठरलेला आहे. सुरुवातीला आधीच्या संशोधनाचा लांबलचक आढावा. मग 'हायपॉथेसिस १', 'हायपॉथेसिस २अ', 'हायपॉथेसिस २ब'. मग आकड्यांचे तक्ते, त्यात काही आकड्यांच्या डोक्यावर एक, दोन किंवा तीन चांदण्या (जितक्या चांदण्या जास्त, तितका निष्कर्ष निव्वळ योगायोगानं आला असण्याची शक्यता कमी). आणि शेवटी, 'या विषयावर आणखी संशोधनाची गरज आहे'. लेखकाला माहीत नसतं परीक्षक कोण, परीक्षकाला माहीत नसतं लेखक कोण. दोन-तीन फेऱ्या होतात, त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात. अनोळखी माणसांनी केलेला कोड रिव्ह्यू म्हणा ना! फरक इतकाच, की इथे प्रत्येक रिव्ह्यूअर आणखी एक फीचर मागतो.

पण याच जर्नल्समध्ये दुसऱ्या प्रकारचंही लिखाण असतं. संपादकानं मागवलेला लेख, संस्थेच्या अध्यक्षाचं भाषण, एखाद्या लेखावरचं खरमरीत उत्तर, त्या उत्तरावरचं प्रत्युत्तर. 'जर्नल ऑफ मॅनेजमेंट स्टडीज'मध्ये 'पॉइंट-काउंटरपॉइंट' नावाचा विभाग आहे. 'ऑर्गनायझेशन'मध्ये 'स्पीकिंग आउट' असतं. फ्रेंच संशोधकांच्या संघटनेचं एक जर्नल आहे, त्यात तर चक्क 'अनप्लग्ड' नावाचं सदर आहे. म्हणजे सगळी वाद्यं बाजूला ठेवा आणि नुसतं गा. इथे हायपॉथेसिस नसतो, चांदण्या नसतात. लेखक 'मला असं वाटतं' म्हणतो आणि का वाटतं ते सांगतो. प्राध्यापक मंडळींच्या हिशेबात हे सगळं 'अवांतर'.

आता या अवांतरातले दोनच लेख घेऊ. एक पन्नास वर्षांपूर्वीचा, एक वीस वर्षांपूर्वीचा.

पहिला लेख स्टीव्हन कर यांचा, १९७५ चा. शीर्षक, 'ऑन द फॉली ऑफ रिवॉर्डिंग ए, व्हाइल होपिंग फॉर बी'. मराठीत सांगायचं तर, बक्षीस 'अ'ला द्यायचं आणि आशा 'ब'ची करायची, या वेडेपणाविषयी. कर तेव्हा ओहायो स्टेट विद्यापीठात शिकवत होते. लेखातला विचार इतका साधा आहे की वाचल्यावर वाटतं, हे तर आपल्या आजीनंही सांगितलं असतं. माणसं साधारणपणे तेच करतात ज्याचं त्यांना बक्षीस मिळतं. मग तुम्ही तोंडानं काहीही सांगा.

पण कर यांची उदाहरणं पाहा. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन सैनिक घरी कधी जाणार? युद्ध जिंकल्यावर. म्हणजे लढाई जिंकणं त्याच्या स्वतःच्या फायद्याचं. व्हिएतनाममधला सैनिक घरी कधी जाणार? त्याची नेमणुकीची मुदत संपल्यावर, मग युद्ध जिंको वा न जिंको. म्हणजे मुदत संपेपर्यंत जीव सांभाळून राहणं फायद्याचं. दोघांकडून अपेक्षा एकच, वागणूक वेगळी. आणि त्याचं कारण देशभक्ती कमी-जास्त होणं हे नाही, घरी जायचा नियम वेगळा हे आहे. दुसरं उदाहरण डॉक्टरांचं. आजारी माणसाला 'ठणठणीत आहात' म्हणून घरी पाठवलं तर डॉक्टरची नाचक्की, वर कोर्टकचेरी. धडधाकट माणसाला 'काहीतरी आहे, तपासण्या करू' म्हटलं तर फार काही बिघडत नाही, उलट बिल वाढतं. मग चूक कोणत्या बाजूला जास्त होणार? (हे वाचताना तुम्हाला तुमच्या गल्लीतलं एखादं हॉस्पिटल आठवलं असेल, तर तो माझा दोष नाही.) तिसरं उदाहरण खुद्द विद्यापीठांचं: समाजाची आशा अशी की प्राध्यापकांनी शिकवण्याकडे दुर्लक्ष करू नये, आणि बढती मात्र शोधनिबंधांवर. या तिसऱ्या उदाहरणाकडे मी पुन्हा येणार आहे.

लेखात दोन कंपन्यांमधली थोडीफार पाहणीही आहे, नाही असं नाही. पण तो लेख लक्षात राहिला तो पाहणीमुळे नव्हे. सरळ भाषेत, उदाहरणं देत, थोडं हसत केलेल्या युक्तिवादामुळे राहिला. १९९५ मध्ये 'ॲकॅडमी ऑफ मॅनेजमेंट एक्झिक्युटिव्ह'नं तो पुन्हा छापला आणि सोबत कंपन्यांमधल्या वरिष्ठांना विचारलं, की हा वेडेपणा आजही चालतो का? बहुतेकांनी 'हो' सांगितलं. कर स्वतः पुढे जॅक वेल्च यांच्या काळात जीईमध्ये 'चीफ लर्निंग ऑफिसर' झाले. हीच ती जीई, जिच्यामुळे माणसांना वरचे २० टक्के, मधले ७० आणि खालचे १० असं विभागण्याची पद्धत जगभर गेली आणि 'बेल कर्व्ह' होऊन आपल्या क्युबिकलपर्यंत आली. मायक्रोसॉफ्टनं आपल्याकडची तशी पद्धत २०१३ मध्ये बंद केली. जिथे शेजाऱ्याला मदत केली की आपलं रेटिंग धोक्यात येतं, तिथे 'टीमवर्क'ची पोस्टर्स लावून काय होणार?

माझ्या एका जुन्या कंपनीत (नाव नको) टेस्टरचं रेटिंग त्यानं किती बग नोंदवले यावर ठरायचं. हेतू चांगला होता, टेस्टिंग कसून व्हावं. झालं काय, तर एकाच स्क्रीनवरच्या पाच स्पेलिंगच्या चुका पाच वेगवेगळे बग म्हणून यायला लागल्या. डेव्हलपरचं रेटिंग त्याच्या नावावर किती बग आहेत यावरून, म्हणून तो प्रत्येक बगवर 'हा बग नाही, हे असंच अपेक्षित आहे' असं लिहून परत पाठवायचा. दिवसाचे दोन तास या टेनिसमध्ये जायचे. सहा महिन्यांनी एचआरकडून टीम-बिल्डिंगसाठी लोणावळ्याची सहल निघाली, कारण म्हणे टेस्टर आणि डेव्हलपर यांच्यात संवाद कमी आहे! संवाद भरपूर होता हो, सगळा बग ट्रॅकरमध्ये लेखी होता. तिथे कुणी दुष्ट नव्हतं आणि कुणी मूर्खही नव्हतं. बक्षीस 'अ'ला होतं आणि आशा 'ब'ची होती, बस. कर यांचे ते दहा-पंधरा पानी मत एखाद्या मॅनेजरनं वाचलं असतं, तर लोणावळ्याचा खर्च वाचला असता.

आता गंमत पाहा. कर यांचा लेख १९७५ साली ज्या 'ॲकॅडमी ऑफ मॅनेजमेंट जर्नल'मध्ये आला, ते आज फक्त प्रत्यक्ष आकडेवारीवर किंवा निरीक्षणांवर उभे असलेले शोधनिबंध घेतं. तोच लेख आज कुणी नवख्या माणसानं तिथे पाठवला तर माझ्या अंदाजानं पहिल्याच चाळणीत परत येईल. सोबत नम्र पत्र असेल, 'आपला विचार रंजक आहे, परंतु...'

दुसरा लेख सुमंत्र घोषाल यांचा. कोलकात्यात जन्मलेला हा माणूस. आधी इंडियन ऑइलमध्ये नोकरी, मग अमेरिकेत जाऊन एमआयटी आणि हार्वर्ड अशा दोन्हीकडून डॉक्टरेट, मग फ्रान्समधलं इन्सियाड, मग लंडन बिझनेस स्कूल. हैदराबादच्या आयएसबीच्या उभारणीतही त्यांचा हात होता. त्यांचं एक भाषण तुमच्यापैकी काहींनी यूट्यूबवर पाहिलं असेल: भर उन्हाळ्यातल्या कोलकात्यात घरी गेलो की मी थकून पडून असतो आणि फॉन्तेनब्लोच्या जंगलात वसंतात गेलो की पळावंसं वाटतं. माणूस तोच, फरक हवेचा. मग कंपनीची हवा कोण ठरवतं?

मार्च २००४ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी घोषाल गेले. त्यानंतर २००५ मध्ये 'ॲकॅडमी ऑफ मॅनेजमेंट लर्निंग अँड एज्युकेशन'मध्ये त्यांचा लेख छापून आला. शीर्षकातच निकाल आहे: वाईट मॅनेजमेंट सिद्धान्त चांगल्या मॅनेजमेंटचा नाश करत आहेत. डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन बुडाली होती. एन्रॉन म्हटलं की आपल्याकडे दाभोळ आठवतं, पण अमेरिकेत आठवतात ते खोटे हिशेब आणि रस्त्यावर आलेले कर्मचारी. तेव्हा बिझनेस स्कूल्स म्हणाली, आम्ही आता नीतिशास्त्राचा कोर्स सुरू करतो. घोषाल म्हणाले, नवीन कोर्स नंतर काढा, आधी जुनं शिकवणं थांबवा.

जुनं म्हणजे काय? त्यांच्या नेमावर मुख्यतः 'एजन्सी थिअरी' होती. जेन्सन आणि मेकलिंग या दोघांचा १९७६ चा निबंध हा तिचा पाया. सोप्या भाषेत: भागधारक हा मालक, मॅनेजर हा त्याचा मुनीम. मुनीम स्वतःचाच फायदा पाहणार, म्हणून त्याच्यावर नजर ठेवा आणि त्याचा फायदा मालकाच्या फायद्याला बांधा. स्टॉक ऑप्शन द्या, संचालक मंडळात बाहेरची स्वतंत्र माणसं बसवा. विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं हे शास्त्र म्हणून शिकवलं गेलं.

घोषाल यांचा मुद्दा असा. भौतिकशास्त्रातला सिद्धान्त चुकीचा असला तरी अणूला काही फरक पडत नाही. आपण काय म्हणतो ते अणू ऐकत नाही. पण मॅनेजमेंट ज्या माणसांविषयी बोलते, ती माणसं ते बोलणं ऐकत असतात. 'माणूस संधीसाधू असतो' असं धरून तुम्ही नियम केलेत, पहारे बसवलेत, प्रत्येक तासाचा हिशेब मागितलात, तर काही दिवसांनी तो माणूस खरंच संधीसाधू होतो. मग तुम्ही तक्ता काढता, त्यावर तीन चांदण्या येतात आणि तुम्ही म्हणता, 'बघा, सिद्ध झालं!'

हे वाचून मला टाइमशीट आठवली. दर पंधरा मिनिटांचा हिशेब मागितला की लोक पंधरा मिनिटांचं काम करत नाहीत, पंधरा मिनिटांचा हिशेब लिहायला शिकतात. वर्क फ्रॉम होमच्या काळात माऊस हलतोय की नाही हे बघणारी सॉफ्टवेअर्स आली आणि त्यामागोमाग माऊस आपोआप हलवणारी यंत्रंही बाजारात आली. संशय आधी आला, लबाडी नंतर. आणि कागदावर मात्र उलटा क्रम लिहिला गेला.

आपल्या क्षेत्रातलं याहून मोठं उदाहरण २००९ मध्ये घडलं. घोषाल यांनी त्या लेखात असाही प्रश्न केला होता, की संचालक मंडळात स्वतंत्र माणसं बसवली की कंपनी चांगली चालते, याचा पुरावा कुठे आहे? ७ जानेवारी २००९ ला सत्यमच्या रामलिंग राजूंचं पत्र आलं. त्यात त्यांनी स्वतःच लिहिलं होतं की ताळेबंदात दाखवलेली ५,०४० कोटी रुपयांची शिल्लक अस्तित्वातच नाही. त्या मंडळावर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे स्वतंत्र संचालक होते. डिसेंबर २००८ मध्ये राजीनामे येईपर्यंत त्यात हार्वर्ड बिझनेस स्कूलचे एक प्राध्यापक होते आणि आयएसबीचे तेव्हाचे डीनही. २००८ मध्येच कंपनीला सुशासनाचं 'गोल्डन पीकॉक' पारितोषिक मिळालं होतं. (ते नंतर काढून घेतलं गेलं.) आता घोषाल यांनी सत्यमचं भाकीत केलं होतं असं मी म्हणत नाही. पण चौकटी भरल्या की काम झालं, या समजुतीला त्यांनी चार वर्षं आधी नाव घेऊन हटकलं होतं. आणि ते हटकणं शोधनिबंधात नव्हतं, एका मतप्रदर्शनात होतं.

आता इथे तुम्ही म्हणाल, 'मत काय, कुणाचंही असतं. चहाच्या टपरीवरही असतं.' आक्षेप रास्त आहे. घोषाल यांचा लेख मला आवडतो म्हणून तो बरोबर ठरत नाही. पण त्या अंकात पुढे काय आहे ते बघा. त्याच अंकात त्या लेखाला उत्तरंही छापली आहेत. लेक्स डोनाल्डसन म्हणतात, सिद्धान्त सकारात्मक हवेत हे खरं, पण म्हणून शास्त्राला सोडचिठ्ठी देऊ नका. डोनाल्ड हॅम्ब्रिक विचारतात, आपले सिद्धान्त खरोखर इतके वाईट आहेत का, आणि त्यांचा प्रभाव तरी इतका आहे का? जेफ्री फेफर म्हणतात, वाईट सिद्धान्त टिकतात का ते पाहू. रोझाबेथ कँटर म्हणतात, असे सिद्धान्त हवे असणारा श्रोताही पाहा. हेन्री मिन्ट्सबर्ग यांचं उत्तरही आहेच. म्हणजे मत मांडलं, नावानिशी मांडलं, आणि जाणकारांनी तिथल्या तिथे, नावानिशी ते तपासलं. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. विमानतळावर मिळणारी मॅनेजमेंटची पुस्तकंही मतंच असतात, पण त्यांच्या मागच्या कव्हरवर फक्त स्तुती असते. व्हॉट्सॲपवर फिरणारी 'यशस्वी लीडरचे सात गुण' छाप मतं तर कुणाचीच नसतात. जर्नलमधल्या मताला पत्ता असतो आणि उत्तराला जागा असते.

आणि काही प्रश्न असे असतात की त्यांना चांदण्या लागूच पडत नाहीत. 'स्टॉक ऑप्शन दिल्यावर शेअरचा भाव वाढतो का' हा आकड्यांचा प्रश्न. 'कंपनी कुणासाठी चालवायची' हा आकड्यांचा प्रश्न नाही. तो जर कुणी उघडपणे मत म्हणून मांडला नाही, तर तो गायब होत नाही. तो शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर 'आपण असं गृहीत धरू' या वाक्यात लपून बसतो. उघड मताशी भांडता येतं, गृहीतकाशी भांडायला आधी ते सापडावं लागतं. माझा मूळ मुद्दा हाच आहे. जर्नलमधून मतं काढून टाकली म्हणजे जर्नल निःपक्षपाती होत नाही. मतं फक्त दिसेनाशी होतात.

याच हॅम्ब्रिक यांनी १९९३ मध्ये 'ॲकॅडमी ऑफ मॅनेजमेंट'चे अध्यक्ष म्हणून भाषण केलं होतं, ते पुढल्या वर्षी छापून आलं. त्यात त्यांनी आपल्याच मंडळींना सुनावलं, की दर ऑगस्टमध्ये आपण एकमेकांशी बोलायला जमतो, वर्षभर एकमेकांचे निबंध वाचतो, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये श्रोते मिळावेत म्हणून नवीन निबंध लिहितो. बाहेरच्या जगाला आपण असलो काय, नसलो काय! २००७ मध्ये त्यांनी पुन्हा एका लेखात तक्रार केली, की प्रत्येक निबंधात थिअरी हवीच या हट्टापायी साधी, महत्त्वाची निरीक्षणं छापलीच जात नाहीत. धूम्रपानाच्या धोक्याचे पहिले पुरावे आपल्या जर्नल्सकडे आले असते तर 'यात थिअरी कुठे आहे?' म्हणून परत गेले असते, असा त्याचा मथितार्थ. हे दोन्ही कुठे आलं? अवांतरातच.

मग इतकं कामाचं लिखाण इतकं कमी का? इथे कर यांचं तिसरं उदाहरण परत येतं. कारण त्याचे गुण मिळत नाहीत. तरुण प्राध्यापकाला बढती हवी असेल तर मोजले जातात ते शोधनिबंध. मतपर लेख लिहायला दोन महिने लागले काय आणि दोन वर्षांच्या वाचनाचं सार त्यात आलं काय, हिशेबात तो शून्य किंवा शून्याच्या आसपास. परिणाम असा, की असे लेख लिहिणारे बहुतेक जण नोकरी पक्की झालेले, नाव झालेले ज्येष्ठ असतात. त्यांना काही गमवायचं नसतं. ज्यांचा नुकताच कामाशी संबंध आला आहे, ज्यांना काहीतरी खुपतं आहे, ते हायपॉथेसिस २ब लिहीत बसलेले असतात.

आपल्याकडे तर हा खेळ आणखी रंगला. युजीसीनं २०१० मध्ये प्राध्यापकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी गुण मोजायची एपीआय पद्धत आणली. आशा संशोधनाची, बक्षीस निबंधांच्या संख्येला. व्हायचं तेच झालं. पैसे भरा आणि छापून घ्या अशा जर्नल्सचं पीक आलं. मे २०१८ मध्ये युजीसीला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नल्स काढावी लागली. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी त्या यादीतली विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नल्स तपासली, तर निकषांत बसली जेमतेम ११२. हा अभ्यास २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आला. पुढे २०१९ मध्ये 'केअर' यादी आली, तिचं काम पुण्यातूनच चालायचं. ती यादीही २०२५ मध्ये युजीसीनं बंद केली. म्हणजे पाहा, आकडे आणि तक्ते असलेले हजारो 'शोधनिबंध' छापले गेले आणि त्यांना गुणही मिळाले. आणि या सगळ्या पद्धतीचं निदान १९७५ च्या एका 'अवांतर' लेखात तयार होतं!

मग काय करायचं? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी.

एक, जर्नल्सनी अशा लेखांसाठी कायमची जागा ठेवावी, आणि ती निमंत्रितांपुरती नसावी. अट एकच: उत्तर छापायला जागा असेल तरच मत छापायचं. हे अशक्य नाही. आपल्या मुंबईतून १९६६ पासून निघणारं 'ईपीडब्ल्यू' एकाच अंकात टिप्पणी आणि दीर्घ शोधनिबंध दोन्ही छापतं, आणि त्यामुळे त्याची प्रतिष्ठा कमी झालेली नाही. अहमदाबादच्या आयआयएमचं 'विकल्प' १९७६ पासून निघतं, त्यातही 'पर्स्पेक्टिव्ह्ज' विभाग आहेच.

दोन, या लेखांना गुण द्या, पण संख्येवर नको, नाहीतर उद्या 'पैसे भरा आणि मत छापा' अशी दुकानं निघतील. लेखावर जाणकारांनी वाद घातला का, ते बघा. बढतीच्या समितीनं तो लेख आणि त्यावरची उत्तरं प्रत्यक्ष वाचावीत. वाचण्याला पर्याय म्हणूनच आकडे आले, आणि त्यांनी काय केलं ते आपण वर पाहिलं.

तीन, आणि हे तुमच्या-माझ्यासाठी. या लिखाणात आपला आवाज जवळपास नाहीच. चप्पल कुठे चावते ते पायालाच कळतं, पण चपलेवरचे निबंध लिहितात चांभारशाळेतले प्राध्यापक, आणि त्यावर मत देतात तेही प्राध्यापकच. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुणे, बंगळूर, हैदराबादमध्ये लाखो माणसांनी ज्या पद्धतीचं काम केलं, त्यातल्या बेंचवर बसण्याबद्दल, रात्री साडेनऊच्या क्लायंट कॉलबद्दल, दरवर्षी वेगळ्या नावानं येणाऱ्या रेटिंगबद्दल आपण कँटीनमध्ये कितीतरी शहाणं बोलतो. त्यातलं थोडं जरी नीट मांडून, नावानिशी, उत्तराची तयारी ठेवून अशा ठिकाणी पोचलं, तर ज्या भाषेत आपलं मोजमाप होतं त्या भाषेत आपलीही चार वाक्यं असतील. आज ती नाहीत. आणि ती नाहीत म्हणून पुढच्या वर्षीचा फॉर्म पुन्हा आपल्याला न विचारता येणार आहे.

तोपर्यंत एक छोटी गोष्ट करता येईल. एचआरकडून नवीन पॉलिसीची मेल आली की ती बंद करण्याआधी दोनच प्रश्न विचारा. यात आशा कशाची आहे? आणि बक्षीस कशाला आहे? दोन्हींची उत्तरं एकच आली तर छान, पुढच्या कामाला लागा. वेगळी आली, तर ती मेल नीट जपून ठेवा. एका चांगल्या लेखाचा कच्चा माल आहे तो.